माझ्याहून जाणकार पुष्कळ आहेत

म्यूरिअल हॅकेटबाईंनी लिटल बोसली गावच्या पोस्टाच्या खिडकीमागे उभं आयुष्य काढलं होतं. पार्सल नुसतं हातात घेतलं की त्या त्याचं वजन सांगायच्या. काट्यावर ठेवायच्या ते केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. पुढे पोस्ट बंद पडलं. आता तिथे कुत्र्यांचे केस कापून देतात. बाईंचा हात मात्र गेला नाही. पार्सलं संपली तशा त्या माणसांची वाक्यं तोलायला लागल्या.

लिटल बोसलीत हे कसब फार कामाचं. "मला माहीत नाही" असं त्या गावात कुणी तोंडातून काढत नाही, आणि "मला यात रस नाही" हे तर माणूस मरायला टेकला तरी म्हणायचा नाही. त्यासाठी वेगळी वाक्यं असतात, इस्त्री करून घडी घातलेली. "मला नक्की सांगता यायचं नाही हं" म्हणजे ठाऊक नाही, आणि करून घ्यायची इच्छाही नाही. "मी काही यातली जाणकार नाही, पण..." म्हणजे आता निवांत बसा, चहा दोनदा होणार. "लक्षात ठेवते" म्हणजे तुम्ही फाटकाशी पोचायच्या आत विसरलेलं असेल. आणि "किती छान!" हा तर जांभई झाकायचा रुमाल. बाईंना ही सगळी वजनं पाठ होती. एकही वाक्य आपल्याला फसवून गेलेलं नाही, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेब चुकला होता, पण ते पुढे.

मार्चमधला शनिवार होता. दुपारी गावाच्या हॉलमध्ये फुलाभाज्यांच्या प्रदर्शनाची वार्षिक सभा होती, आणि बाई सकाळपासून डब्यात बिस्किटं भरत होत्या. बिस्किटं दर सभेला त्याच आणायच्या, कारण बाई चिटणीस होत्या. टेबलं मोजणं, भोपळ्यांचे परीक्षक बोलावणं, दुकानातला जॅम घरच्या बरणीत ओतून आणणारीला चारचौघांत न बोलता कळवणं, ही सगळी चिटणिसाची कामं. ही कामं त्यांनी इतकी वर्षं केली होती की प्रदर्शनाचा ऑगस्ट महिना म्हटला की त्यांच्या नाकात कापलेल्या कांद्यांचा वास यायचा आणि पाय आपोआप दुखायला लागायचे.

फोन वाजला. क्रोमरहून मेव्हिसचा. मेव्हिस त्यांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून समुद्राकाठच्या घरात एकटी.

"सभा आहे ना गं आज?" मेव्हिस म्हणाली.

"आहे. या वेळी सोडणार म्हणतेय."

"सोड की. म्हणजे, तुला सोडावंसं वाटत असेल तर. माझ्यासाठी नको हं काही करूस."

"तुझ्याकडे यायचं म्हणून तर सोडतेय, मेव्हिस."

"ये ना. सवडीनं ये. मला काय, कधीही चालेल. इकडे वारा फार सुटलाय."

बाईंनी फोन ठेवला आणि ते वाक्य हातावर तोलून पाहिलं. तीन वर्षांपूर्वी मेव्हिसनं पहिल्यांदा म्हटलं होतं, "ये आणि राहा माझ्याकडे, दोघी आहोत तर बरं पडेल." तेव्हा त्या वाक्याला चांगलं वजन होतं, दोरीनं बांधलेल्या खोक्यासारखं. मग बाई म्हणाल्या, "या वर्षीचं प्रदर्शन होऊ दे." पुढच्या वर्षीही तेच म्हणाल्या. आणि मेव्हिसचं वाक्य हलकं होत गेलं. आता ते बसच्या तिकिटाएवढं उरलं होतं. बाईंना वाटे, तिला एकटीनं राहायची सवय लागली असणार. आणखी एक ऑगस्ट गेला की हे तिकीटही वाऱ्यावर उडून जाईल. मग या गावात त्या असतील, बंद पडलेलं पोस्ट असेल, आणि भोपळे असतील.

सोडणं सोपं असतं तर केव्हाच सोडलं असतं. पण प्रदर्शन मंडळाचा नियम असा की नवा चिटणीस मिळेपर्यंत जुन्यानंच काम पाहायचं. आणि नवा काही मिळत नव्हता.

पहिल्या वर्षी बाई सभेत म्हणाल्या होत्या, "आता तरुण हातांना संधी द्यायला हवी असं मला कधी कधी वाटतं." सभेला हा बाईंचा विनय वाटला. टाळ्या झाल्या आणि बाईंना बिगोनियाची कुंडी मिळाली. दुसऱ्या वर्षी त्या म्हणाल्या, "मला कदाचित पुरेसा वेळ देता येणार नाही, याची भीती वाटते." सभेनं सहानुभूतीनं त्यांना एक मदतनीस नेमून दिली. ती मुलगी एकदा येऊन गेली, म्हणाली "किती छान!", आणि महिन्याभरात लग्न करून लीड्सला गेली. बिगोनिया अजून जिवंत होती. बाईंना तिच्याकडे पाहवत नसे.

म्हणून या वेळी सभेच्या आधीच्या आठवड्यात बाई स्वतः दारोदार फिरल्या होत्या.

गिरणीच्या घरात नवं जोडपं आलं होतं. बाईंनी विषय काढताच नवरा बायकोकडे आणि बायको नवऱ्याकडे बघायला लागली.

"आम्हाला खूपच आवडलं असतं," बायको म्हणाली. "पण भोपळ्याचं देठ कुठलं आणि बूड कुठलं, तेही आम्हाला कळत नाही हो."

"त्याला देठ वरच असतं," बाई म्हणाल्या.

"अगदी! बघा, हेच. हे तुम्हालाच ठाऊक."

पबच्या मालकिणीनं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाली, "माझा हा प्रांतच नाही गं म्यूरिअल. मी आपली बीअर ओतणारी. पण लक्षात ठेवते हं!" आणि तेवढ्यात तिला तळघरात काहीतरी आठवलं.

शाळामास्तरीण म्हणाली, "याबद्दल माझी काही खास मतं नाहीत." बाईंनी मतं विचारलीच नव्हती.

एका दाराशी मात्र बाई गेल्या नाहीत. ते दार नॉर्मन ओकशॉटांचं. नॉर्मन निवृत्त दंतवैद्य. ज्यांना उत्तर देता येत नाही अशांनाच आयुष्यभर प्रश्न विचारल्यामुळे त्यांना संभाषणाची सवय राहिली नव्हती. दर सभेला सगळ्यांच्या आधी येत, खुर्च्या मांडत, शेवटच्या रांगेत कडेला बसत आणि सगळ्यांच्या नंतर खुर्च्या उचलून जात. नऊ वर्षांपूर्वी, बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा, बाईंनी त्यांना विचारलं होतं: "नॉर्मन, चिटणिसाचं काम घ्याल का तुम्ही?" नॉर्मननी बुटांकडे बघत म्हटलं होतं, "छे छे, मला यातलं काय कळतं! माझ्याहून जाणकार पुष्कळ आहेत."

बाईंनी ते वाक्य तोललं, शिक्का मारला आणि 'नाही'च्या पिशवीत टाकलं. बाईंच्या आईची शिकवण होती की माणूस एकदा नाही म्हणाला की पुन्हा विचारून त्याला अवघडवू नये. त्या कुबड्या घेऊन प्रदर्शनाला आल्या आणि काम त्यांनीच केलं.

सभा सुरू झाली. हॉलमध्ये ओल्या कोटांचा आणि गॅसच्या शेगडीचा वास होता. अध्यक्ष जेराल्डीन स्टॉट. तिची छाती मोठी, आवाज मोठा, आणि सभा चहाच्या आत संपवायची तिची ख्याती. गेल्या वर्षीचा अहवाल मंजूर झाला. घेवड्याची सर्वांत लांब शेंग ओली करून ताणली होती का, हा वाद पुन्हा निघाला आणि पुन्हा मिटला. मग जेराल्डीन म्हणाली, "आता चिटणीसपद. म्यूरिअलनं नेहमीप्रमाणे फार सुंदर काम केलंय. तर तीच पुढे चालू—"

"नाही," बाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या होत्या. घरून त्यांनी एक छान वाक्य बांधून आणलं होतं, मऊ कागदात गुंडाळलेलं. पण उभं राहिल्यावर गुडघा दुखला, समोर ते सगळे दयाळू, लक्ष देऊन ऐकल्यासारखे चेहरे दिसले, आणि ते वाक्य उलगडत बसायचाच त्यांना कंटाळा आला.

"मला कंटाळा आलाय," त्या म्हणाल्या. "मला या प्रदर्शनात रस उरलेला नाही. कुणाचा कांदा मोठा आणि कुणाचा छोटा, मला काही वाटत नाही. मला बहिणीकडे जायचंय."

कुणीतरी चमचा ठेवला. गावच्या चर्चच्या व्हिकरसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं, जणू तिथे कुणीतरी नागडं चाललं होतं आणि सभ्य माणसानं ते पाहिलं न पाहिल्यासारखं करायला हवं होतं.

"अगं बाई," पबची मालकीण हळूच म्हणाली. "बरं नाहीये का हिला?"

"मार्च महिनाच असा," दुसरी म्हणाली. "माझी मावशी मार्चमध्येच गेली."

कुणीतरी बाईंच्या हातात चहा दिला. त्यात न विचारता साखर घातली होती, धक्का बसलेल्या माणसाला घालतात तशी. जेराल्डीननं आवाज खाली आणला. तो आवाज ती फक्त अंत्ययात्रांना वापरायची.

"म्यूरिअल, अगं, आपल्या सगळ्यांनाच असं वाटतं कधी कधी. तू दमलीयेस. जा, बहिणीकडे आठवडाभर राहून ये. मन ताजं होईल."

"आठवडा नाही, जेराल्डीन. कायमची."

"हो हो, अगदी. ते बघू आपण." मग जेराल्डीन सभेकडे वळली. रीत म्हणून रीत पाळायची होती. "तरीही विचारते. चिटणीस म्हणून कुणी पुढे येणार आहे का?"

सगळी सभा आपापले बूट बघायला लागली. मग एकेक वाक्य निघालं, जशी चर्चमध्ये दानाची थाळी फिरते आणि प्रत्येक जण तिच्यात नाण्याऐवजी बटण टाकतो. गिरणीवाल्यांना खूपच आवडलं असतं. मास्तरणीची काही खास मतं नव्हती. एक जण म्हणाला, नेमकं काय करावं लागतं ते आपल्याला सांगता यायचं नाही, आणि सांगता येत नाही तर करता कसं येईल. व्हिकरसाहेब म्हणाले, हा विषय फारच विचार करण्याजोगा आहे, आणि विचार करू लागल्यासारखा चेहरा केला. थाळी शेवटच्या रांगेत पोचली.

"नॉर्मन?" जेराल्डीननं घड्याळाकडे बघत विचारलं.

नॉर्मन अर्धवट उठले, पुन्हा बसले. "छे, छे. मला यातलं कळतं असं काही म्हणता यायचं नाही. माझ्याहून जाणकार पुष्कळ असतील."

"अर्थातच. मग ठरलं, म्यूरिअल या वर्षापुरतं—"

बाईंनी चहाचा कप बशीत ठेवला. एरवी त्यांनी हे केलं नसतं. एरवी त्यांच्या अंगात आईची शिकवण होती आणि ती वापरायची ताकदही होती. आज नुसता शीण होता, आणि शिणलेल्या माणसाला सभ्यपणा जड होतो, सामान उतरवून ठेवावं तसा तो खाली ठेवावासा वाटतो.

"नॉर्मन," त्या म्हणाल्या, "कळत नाही तर कळत नाही. कळण्याचं मी विचारतच नाहीये. करायचंय का तुम्हाला?"

"म्यूरिअल!" जेराल्डीन म्हणाली. एकाच माणसाला तेच पुन्हा विचारायचं, आणि तेही चारचौघांत!

नॉर्मनचे कान आधी लाल झाले, मग मान, मग उरलेला चेहरा. त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"आता तुम्ही विचारताच आहात तर," ते म्हणाले, "हो."

"'हो' म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"करायचंय. फार वर्षं मनात आहे."

सगळ्या माना शेवटच्या रांगेकडे वळल्या.

"मग नऊ वर्षांपूर्वी मी विचारलं होतं तेव्हा?" बाईंचा आवाज चढला. "माझा गुडघा फाडला होता हो! कुबड्या घेऊन मी टोमॅटो मांडले!"

"तुम्ही एकदाच विचारलंत," नॉर्मन म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दात किडलाय हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. "आमच्या आईनं शिकवलं होतं, केकची बशी पुढे आली की आधी नको म्हणावं. लगेच घेणं हावरटपणाचं दिसतं. दुसऱ्यांदा पुढे आली की मग घ्यावा. मी वाट पाहिली. बशी पुन्हा आलीच नाही. मला वाटलं, तुम्ही आपलं माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून विचारलं असेल."

बाई खाली बसल्या. दोन आया, दोघी केव्हाच मातीत गेलेल्या. एक सांगून गेली, पहिल्यांदा घेऊ नकोस. दुसरी सांगून गेली, दुसऱ्यांदा देऊ नकोस. आणि त्या दोघींच्या मधल्या फटीत नऊ ऑगस्ट पडून वाया गेले. काटा बरोबर होता, पण पार्सल उचलायच्या आधीच बाईंनी वजन सांगून टाकलं होतं.

"आणि तुम्ही दर वर्षी इथे येऊन खुर्च्या मांडायचात," त्या म्हणाल्या.

"म्हटलं, चुकून पुन्हा विचारलंत तर जवळ असावं."

कुणीतरी हसलं, आणि मग सगळा हॉल हसायला लागला, सुटल्यासारखा. पबची मालकीण म्हणाली, "अहो नॉर्मन, मग बीअर तरी तुम्हाला हवी तेवढी मिळते का हो माझ्याकडे? की दर वेळी एकच पिऊन तहानलेले घरी जाता?" नॉर्मनचे कान पुन्हा लाल झाले, त्यावरून तिला काय ते समजलं. जेराल्डीननं हात वर करायला सांगितले. सगळे हात वर गेले, गिरणीवाल्यांचे तर दोन-दोन. इतक्या उत्साहानं लिटल बोसलीत कधी कुणी निवडून आलं नव्हतं.

चहाच्या वेळी नॉर्मन बाईंजवळ येऊन उभे राहिले आणि इतक्या वर्षांचं साठलेलं बोलायला लागले. डेलियाची फुलं उत्तरेच्या खिडकीशी हवीत, तिकडे ऊन लागून माना टाकत नाहीत. कांदे दाराशी नकोत, आल्याआल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी कशाला. लहान मुलांच्या भाज्यांच्या प्राण्यांना वेगळं टेबल हवं. सगळं बरोबर होतं. बाईंना यातलं एकही कधी सुचलं नव्हतं. आपण जे ओझं म्हणून वाहिलं ते हा माणूस लांबून हपापून बघत होता, हे ऐकताना त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला तो थोडासा राग आणि पुष्कळसा थकवा.

"किती छान!" त्या म्हणाल्या.

आणि आपलंच वाक्य आपल्याच हातावर पडलं तेव्हा त्याचं वजन त्यांना बरोबर कळलं. नॉर्मननाही कळलं असावं. ते म्हणाले, "तुम्ही घरी जा. खुर्च्या मी उचलतो."

घरी येऊन बाईंनी कोट न काढताच क्रोमरला फोन लावला. बिगोनिया खिडकीत उभी होती.

"सुटले," त्या म्हणाल्या.

"अगं बाई! खरंच?" मेव्हिस म्हणाली. मग थोडं थांबून, "छान झालं हो. तुला आता विश्रांती मिळेल. इकडे येण्याची घाई करू नकोस हं. तुझं सगळं आवरून, सवडीनं—"

तेच ते बसचं तिकीट. कालपर्यंत बाईंनी ते नीट घडी घालून ठेवून दिलं असतं आणि म्हणाल्या असत्या, बरं, मग उन्हाळ्यात बघू. पण मेव्हिसही त्याच आईची लेक होती. एकदा विचारायचं आणि पुन्हा विचारून समोरच्याला अवघडवायचं नाही, ही शिकवण दोघींनी एकाच टेबलाशी घेतली होती. मेव्हिसनं तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या, प्रदर्शन होऊ दे.

"मेव्हिस," बाईंनी विचारलं, "मी यायला हवीय का तुला?"

"अगं, तुला यावंसं वाटलं तर अर्थातच—"

"मला काय वाटतं ते नाही विचारलं. तुला हवीय का? नको असेन तर नको म्हण. मला राग येणार नाही. पण दुसऱ्यांदा विचारतेय मी, आता तिसऱ्यांदा विचारायची ताकद नाहीये."

पलीकडे वारा ऐकू येत होता. फोनची तार हातात गुंडाळायची मेव्हिसची सवय होती. ती गुंडाळत असणार.

"मी मागच्या छोट्या खोलीत झोपते," मेव्हिस शेवटी म्हणाली.

"का? ती तर बोळाएवढी आहे. पलंगावर पाय मावत नाहीत तुझे."

"मोठी खोली तुझ्यासाठी लावून ठेवलीय. समुद्राकडची."

"कधीपासून?"

"तुला विचारलं होतं ना, तेव्हापासून."

बाई टेलिफोनजवळच्या स्टुलावर बसल्या. तीन वर्षं. आणि ही बाई रोज रात्री पाय दुमडून बोळात झोपत होती, आणि आपण इकडे बसून तिचं वाक्य हलकं झालं म्हणून खंतावत होतो.

"मग बोलली का नाहीस, गाढवे?"

"तू कामात होतीस," मेव्हिस म्हणाली. "आणि त्या भोपळ्यांची तुला भारी हौस. दर वर्षी इतकं तपशीलवार सांगायचीस फोनवर."

"आणि तू म्हणायचीस, किती छान!"

"मग काय म्हणणार होते? मला भोपळ्यांतलं काय कळतं!"

दोघीही हसल्या नाहीत. हसायलाही ताकद लागते.

"गुरुवारी येते," बाई म्हणाल्या.

"बुधवारी ये," मेव्हिस म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं कुणाचा दिवस बदलून मागितला होता. "माझी पाठ मोडलीय त्या बोळात."

"बुधवारी," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग उठून बिगोनियाची कुंडी उचलली, आणि जाता जाता नॉर्मनना द्यायची म्हणून ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्याशेजारी नेऊन ठेवली. ते आधी नको म्हणणार, हे त्यांना ठाऊक होतं. दोनदा द्यायची होती.